शी होत नाही, एवढंच! मुलाच्या मॅनोमेट्रीचा अनुभव

आमच्या आठ वर्षांच्या मुलाची मॅनोमेट्री, म्हणजे बारीक नळी आत घालून स्नायूंचा दाब मोजायची तपासणी, करायची ठरली तेव्हा मराठीत काही वाचायला मिळतंय का ते मी शोधलं. मूळव्याधीच्या जाहिराती ढिगानं मिळाल्या. लहान मुलांच्या या तपासणीत नक्की काय करतात, मुलाला दुखतं का, आईला आत थांबू देतात का, यातलं काहीच हाती लागलं नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. विषय शीचा आहे, तेव्हा जेवता जेवता वाचू नका.

आम्ही बार्शीचे. मुलाला तिसऱ्या वर्षापासून बद्धकोष्ठाचा त्रास. चार-पाच दिवस शी नाही, आणि झाली की भांडं तुंबेल एवढा खडा. त्या खड्याच्या धास्तीनं पोरगं शी रोखून धरायला शिकलं. पायांची कात्री करून, पडद्याला लटकून, लालबुंद होऊन कोपऱ्यात उभं राहायचं. आम्ही सगळे म्हणायचो, किती कुंथतोय बिचारा. तो कुंथत नसायचा, आलेली शी आत ढकलत असायचा, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

घरगुती उपाय सगळे झाले होते. भिजवलेल्या काळ्या मनुका, एरंडेल, बेंबीभोवती हिंगाचा लेप. तान्हा असताना सासूबाई विड्याच्या पानाच्या देठाला तेल लावून काम भागवायच्या. मोठा झाल्यावर देठ दिसला की हा गच्चीवर पळायचा. शाळेत जायला लागल्यावर चड्डी खराब व्हायला लागली, रोज, थोडी थोडी. सासूबाईंचं म्हणणं, याला जुलाब होताहेत, वरणभात द्या. प्रत्यक्षात खाली खडा अडकलेला असतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेनं झिरपत बाहेर येते. मुलाला ते कळतही नाही. शाळेत ‘वास येतो’ म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, उगाच रक्त आटतं.

पुण्यातल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जन्माचा. पहिली काळी शी कधी झाली होती? निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला ती बहुतेक करून पहिल्या दिवसात आणि उशिरात उशिरा ४८ तासांत होते. माझं बाळंतपण माहेरी झालेलं, मला नेमकं आठवेना. आईला फोन लावला तर तिच्या मते दुसऱ्या दिवशी. दवाखान्याच्या फाईलमध्ये वेळ लिहिलेली निघाली म्हणून बरं. पहिल्या भेटीला जाताना जन्माची फाईल पिशवीत टाकाच.

त्या प्रश्नामागे हिर्शस्प्रंग नावाचा आजार होता. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रंग यांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच मज्जापेशींचे पुंजके नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि शी वर तुंबून राहते. साधारण पाच हजार बाळांत एकाला होतो आणि त्यावर ऑपरेशनच करावं लागतं. बहुतेकांचं निदान तान्हेपणीच होतं, क्वचित एखादं मूल मोठं होईपर्यंत सुटून जातं. डॉक्टर म्हणाले, “मला शक्यता कमी वाटते. पण तीन महिने औषध पूर्ण डोसमध्ये देऊ. तरी गाडी रुळावर आली नाही तर तपासू.”

मला हे पटलं. बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेक मुलांना मोठी तपासणी लागतच नाही. आधी अडकलेला खडा पूर्ण साफ करायचा, मग पेग नावाची शी मऊ करणारी पावडर रोज, आणि जेवणानंतर संडासात बसण्याची सवय. एवढ्यावर बरीच मुलं सुधारतात. पहिल्याच भेटीत मॅनोमेट्री लिहून देणारा कोणी भेटला तर कशासाठी, ते विचारायला हरकत नाही. आमच्याकडे तीन महिन्यांत खडे गेले, पण चड्डी खराब होणं थांबेना आणि शी लागल्याचं त्याला कळेना. मधल्या काळात थायरॉईड, कॅल्शियम आणि गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सीलिॲक आजार असतो त्याची रक्ततपासणी झाली. सगळं नॉर्मल.

मग आधी झाली ती मार्करची तपासणी. ही सोपी. एका कॅप्सूलमध्ये चोवीस बारीक कडी असतात, एक्स-रेत दिसणारी. ती गिळायची, पोट साफ करणारं कुठलंही औषध बंद ठेवायचं आणि पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढायचा. कडी बाहेर पडली असतील तर आतड्याचा वेग ठीक. सगळीकडे विखरून राहिली असतील तर सगळं मोठं आतडंच मंद. आणि खाली येऊन थांबली असतील तर अडचण शेवटच्या टप्प्यात. आमची खरी अडचण कॅप्सूल गिळण्याची होती. आधी बडीशेपेच्या गोळ्या न चावता गिळायचा सराव करून घेतला, आणि शेवटी कॅप्सूल शिकरणाबरोबर गेली. एक्स-रेत निम्म्याहून जास्त कडी खाली, ओटीपोटाच्या तळाशी गोळा झालेली दिसली. मुलानं तो एक्स-रे उजेडात धरून कडी मोजली आणि आतेभावाला दाखवायला तो मागून घेतला.

कडी खाली अडकलेली म्हणून मग गुदद्वाराची मॅनोमेट्री.

तारीख मिळाल्यावर सूचनांचा कागद हातात आला. पोटदुखीची आणि आतड्याच्या हालचालीवर परिणाम करणारी औषधं दोन-तीन दिवस आधी बंद. आपल्याकडे पोट दुखलं की मेडिकलवाला डायसायक्लोमिनची बाटली काढून देतो, तीही यातच येते, तेव्हा चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव डॉक्टरांना सांगा. आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी एनिमा. लातूर एक्स्प्रेसनं पहाटे पुण्यात उतरून थेट दवाखाना गाठायचा असा नवऱ्याचा बेत होता. मी तो हाणून पाडला आणि आदल्या दिवशीच नणंदेकडे मुक्काम केला. पोट साफ करायचं औषध घेतलेलं मूल घेऊन गाडीत बसणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो असला बेत आखत नाही.

मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या, “फिरायला नेतोय म्हणा.” मी खरं सांगितलं. शीच्या जागेतून एक बारीक मऊ नळी आत जाणार, तिच्या टोकाला छोटा फुगा आहे, तो फुगवतील, तुला विचारतील काय वाटतं. सुई नाही. कापाकापी नाही. मी तुझ्या डोक्याशी उभी असेन. तो बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, “फुगा फुटला तर?” मला उत्तर येईना. म्हटलं, डॉक्टरांना विचार. त्यानं खरंच विचारलं, आणि त्यांनी त्याच्यासमोर फुगा बाहेर फुगवून दाखवला. ही तपासणी मुलाच्या सहकार्यावर चालते. आवळ म्हटलं की आवळायचं, कुंथ म्हटलं की कुंथायचं. फसवून नेलेलं मूल टेबलावर हे करणार नाही. साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना या सूचना पाळता येत नाहीत. त्यांची तपासणी गरज पडली तर गुंगी देऊन होते, पण मग त्यातून एकाच गोष्टीचं उत्तर मिळतं, ती पुढे सांगते.

एनिमा मात्र त्याला आवडला नाही. आजही विचारलं तर सगळ्यात वाईट काय होतं याचं उत्तर एनिमा हेच असतं. एनिमा दिल्यावर काही मिनिटं कुशीवर पडून धरून ठेवायचा आणि मग संडास. धरून ठेवण्यात आमचा पठ्ठ्या तरबेज!

खोली साधी होती. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक मोठा पडदा. तंत्रज्ञ ताईंनी आधी ॲलर्जीचं विचारलं. फुगे फुगवल्यावर याचे ओठ सुजतात का, कधी अंगावर पित्त उठतं का? काही फुगे लॅटेक्सचे असतात म्हणून हा प्रश्न. संमतीपत्रावर आतड्याला इजा होण्याचा धोका छापलेला असतो, तो वाचून माझा हात थबकला. असं होणं अगदी विरळा, असं डॉक्टरांनी समजावलं. मग मुलाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं, कमरेवर चादर. आधी हातमोज्याचं बोट, मग भरपूर जेली लावलेली नळी. पेन्सिलीपेक्षा बारीक, वाकणारी, आणि तिच्यावर ओळीनं दाब मोजणारे सेन्सर. आत जाताना त्यानं माझं बोट घट्ट धरलं आणि “गार आहे” म्हणाला. रडला नाही.

नंतर काही मिनिटं काहीच करायचं नाही. हे मुद्दाम. रडणं, हसणं, पाय झाडणं, सगळ्याचा दाब आलेखात उमटतो आणि मग खरं काय ते वाचता येत नाही. ताईंनी त्याला मोबाईलवर कार्टून लावून दिलं. मी पडद्याकडे बघत बसले. वरपासून खालपर्यंत निळा-हिरवा रंग आणि मध्ये एक लाल-पिवळा पट्टा. तो पट्टा म्हणजे गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंचा दाब. त्यात दोन स्नायू असतात. आतला आपोआप चालतो, बाहेरचा आपल्या ताब्यातला.

“शी लागलीय, पण बस थांबत नाहीये. आवळून धर!” ताई म्हणाल्या. पट्टा झटकन गडद लाल झाला. “शाब्बास! आता खोकून दाखव.” पुन्हा लाल. ही दोन्ही कामं त्यानं मन लावून केली.

मग फुगा. सिरिंजनं पटकन थोडी हवा भरायची, बघायचं, काढून घ्यायची. नंतर जरा जास्त. गुदाशय, म्हणजे शी साठते ती आतड्याच्या शेवटची पिशवी, ताणला की आतला स्नायू आपोआप क्षणभर सैल पडतो, हे निरोगी शरीराचं काम. हिर्शस्प्रंगमध्ये ते होत नाही. गुंगी दिलेल्या लहान मुलात तपासता येतं ते हेच, कारण याला मुलाची परवानगी लागत नाही. हे सगळं मी आधी वाचून गेले होते, आणि तेच नडलं. दहा मिली. लाल पट्टा जसाच्या तसा. वीस. तसाच. माझ्या छातीत धडधडायला लागलं. तीस मिलीला जरासा फिकटला की मला भास झाला, कळेना. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं असावं. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “वर्षानुवर्षं शी साठून पिशवी सैल झालीय. हिला जास्त हवा लागते.” पन्नास मिली भरल्यावर लाल पट्ट्याच्या मधोमध निळी-हिरवी खाच पडली, खोल, आणि काही सेकंदांनी हळूहळू भरून आली. डॉक्टर म्हणाले, “आला बघा. रिफ्लेक्स आहे.” पुन्हा एकदा करून खात्री केली. मज्जापेशी जागेवर होत्या. ही खाच अजिबात दिसली नसती तर पुढची पायरी होती बायोप्सी, म्हणजे गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. हिर्शस्प्रंगचं पक्कं निदान त्यावर होतं, नुसत्या मॅनोमेट्रीवर नाही.

पुढे हवा हळूहळू वाढवत मुलाला विचारत राहिले. “काही कळतंय का?” “नाही.” “आता?” “नाही.” कितीतरी वेळ नाहीच. फुगा बराच मोठा झाल्यावर म्हणाला, “आता काहीतरी आहे.” मला तेव्हा कससंच झालं. चड्डी खराब झाली की “तुला कळत कसं नाही?” हा आमच्या घरातला रोजचा सवाल होता. त्याचं उत्तर पडद्यावर मिलिलिटरमध्ये लिहून येत होतं.

शेवटी कुंथणं. “शी करतोस तसं जोर लाव.” पोटाचा दाब वाढला, चेहरा लाल झाला, आणि पडद्यावरचा पट्टा सैल पडायच्या ऐवजी आणखी लाल. दोन-तीनदा करून बघितलं, दर वेळी तेच. दाराला आतून कडी घालायची आणि मग दार ढकलत बसायचं, असा प्रकार. जोर खरा होता, आळशीपणा नव्हता, नाटक नव्हतं. दुखण्याच्या भीतीनं लहानपणी लागलेली सवय स्नायूंनी धरून ठेवली होती. नंतर फुग्यात पाणी भरून कमोडवर बसवलं, पडद्याआड एकट्याला, आणि बाहेर टाकायला सांगितलं. फुगा काही निघाला नाही. तो ताईंनीच रिकामा करून काढला.

सगळं मिळून पाऊण तासाच्या आत आटोपलं. लगेच कपडे घालून बाहेर, आणि त्यानं कँटीनमध्ये इडली मागितली. नंतरचं पथ्य काही नाही.

बाहेर बाकावर नांदेडकडच्या एक बाई भेटल्या. त्यांच्या मुलीची मोठ्या आतड्याची मॅनोमेट्री चालली होती, आणि ती वेगळ्याच दमाची. आधी पोट पूर्ण साफ, मग भूल देऊन कोलोनोस्कोपीनं, म्हणजे शीच्या जागेतून दुर्बीण घालून, लांब नळी मोठ्या आतड्यात वरपर्यंत नेऊन ठेवतात, मांडीला चिकटवतात, ती जागेवर आहे का ते एक्स-रेनं बघतात. मूल शुद्धीवर आल्यावर खरी तपासणी सुरू. उपाशीपोटी तासभर, मग जेवण देऊन तासभर, मग नळीतूनच बिसाकोडिल हे औषध सोडून पुढचा वेळ. बघायच्या असतात त्या मोठ्या लाटा, शी पुढे लोटणाऱ्या. जेवल्यावर आणि औषधानंतर त्या उठायला हव्यात. मुलगी पलंगावर चित्रं रंगवत बसली होती. औषधानंतर पोटात मुरडा आला तेव्हा मात्र कळवळली. “मुरडा आला म्हणजे चांगलं लक्षण म्हणतात,” बाई मला सांगत होत्या, आणि स्वतःच डोळे पुसत होत्या. ज्यांचं सगळं आतडंच मंद वाटतं आणि औषधं हरली आहेत, त्यांच्यासाठी ही तपासणी. लाटा कुठवर येतात यावर पुढचे निर्णय ठरतात, अगदी अपेंडिक्समधून वाट करून वरून आतडं धुण्याच्या ऑपरेशनपर्यंत. आमची कडी खालीच साठली होती म्हणून आम्हाला इतक्यात त्याची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गिळायला त्रास होणाऱ्या मुलांची मॅनोमेट्री नाकातून होते, हेही तिथेच कळलं. नळी अन्ननलिकेत उतरवायची आणि पाण्याचे छोटे छोटे घोट एकेक करून गिळायला लावायचे. त्या खोलीतून येणारा रडण्याचा आवाज आमच्या खोलीपेक्षा जास्त होता, एवढंच मी सांगू शकते.

रिपोर्टचा उपयोग काय झाला? पावडर तीच राहिली, उलट बरेच महिने चालणार हे ठरलं, कारण सैल पडलेला गुदाशय पुन्हा आकसायला वेळ लागतो. रोज सकाळी आणि रात्री जेवणानंतर संडासात पाच-दहा मिनिटं, घड्याळ लावून, कारण जेवल्यावर आतडं आपोआप हलतं. शी लागण्याची वाट बघायची नाही, ती त्याला कळतच नाही. आमच्याकडे कमोड आहे, त्याचे पाय लोंबकळायचे. पायाखाली पाट ठेवला, गुडघे वर आले, फरक दिसला. जोर लावताना फुगा फुगवल्यासारखी फुंकर मारायची, म्हणजे खालचा स्नायू आवळला जात नाही, हे फिजिओथेरपिस्टनी शिकवलं. बायोफीडबॅकही सुरू केलं. तीच सेन्सरची पद्धत, पण या वेळी पडद्यावरची रेघ मुलानं स्वतः खाली आणायची. त्याला तो खेळ वाटतो. मुलांमध्ये बायोफीडबॅकचा जादा फायदा होतो असं ठाम सिद्ध झालेलं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पुण्याच्या खेपा परवडत असतील तरच करा, औषध आणि बसण्याची वेळ मात्र चुकवू नका, असं त्यांचं म्हणणं. इतकं सरळ सांगणारा माणूस मला आवडतो.

पैशांचंही बोलते. तपासणी बाह्यरुग्ण विभागात झाली, भरती नाही, म्हणून आमच्या मेडिक्लेममध्ये बसली नाही. बऱ्याच पॉलिसींचं असंच असतं. तारीख घ्यायच्या आधी दवाखान्यात आणि विमा कंपनीत दोन्हीकडे विचारून घ्या.

माझ्या मते रिपोर्टचा सगळ्यात मोठा फायदा घरात झाला. सासूबाईंना मी तो रंगीत कागद दाखवला, लाल पट्टा, निळी खाच, सगळं. त्यांनी चष्मा लावून बघितला. “म्हणजे त्याला खरंच कळत नाही होय?” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर चड्डीवरून त्याला कोणी बोललं नाही. शाळेत नव्या वर्गशिक्षिकांना भेटून डॉक्टरांचं पत्र दिलं. न विचारता संडासाला जायची मुभा मिळाली आणि जागाही बदलली. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती, ती नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी जाऊन स्वतः बसवली.

आता डाग रोजचे राहिले नाहीत. दिवाळीत मामाकडे पावडरीचा खाडा झाला तर पुन्हा चार दिवस तुंबला होता, डोस वाढवावा लागला. असं वरखाली होणार, हे आम्हाला सांगितलेलं आहे. परवाच्या भेटीत त्यानं डॉक्टरांना स्वतःहून विचारलं, “परत नळी आहे का?” ते म्हणाले, “सध्या तरी नाही.” “आणि एनिमा?” “तोही नाही.” मग गडी खूश होऊन टेबलावरून उतरला.